प्रभूचा कान

३ एप्रिल २००२, बुधवार
हिंगोली

आज सकाळी साडेनऊला हिंगोलीच्या स्टँडवर उतरलो. सामान म्हणाल तर एक पत्र्याची पेटी, एक वळकटी आणि नांदेडहून मुद्दाम घेतलेला स्क्रू-ड्रायव्हरांचा नवा संच. मन अगदी हलकं होतं. कॉम्प्युटर उघडून बघण्यासाठी पगार मिळणारा मी आमच्या तांड्यातला पहिलाच.

किसनसिंगांचं दुकान स्टँडच्या मागच्या गल्लीत आहे. दोन खोल्या, वर पत्रे, दारात पाण्याचा रांजण. आधी ते रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचे. हिंगोली जिल्हा झाला, गावात कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांमागून कॉम्प्युटर आले, तशी त्यांनी पाटी बदलली. माझं डिप्लोमाचं सर्टिफिकेट त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि गिऱ्हाइकांना दिसेल असं टेबलाच्या काचेखाली सरकवलं. बोलणं अर्धं हिंदी, अर्धं मराठी. म्हणाले, "राठोड, इथं एकच टाइम ध्यानात ठेवा. बारा को लाईट जाती, चार को आती. बाकी काम आपोआप जमते."

राहायला पद्माबाईंच्या घरावरची खोली मिळाली. खिडकीतून कडुनिंब दिसतो. दुकानासमोर देवलाची चहाची गाडी आहे. त्यानं आल्या आल्या हाक मारून बसवून घेतलं, आई-बापाची, गावाची सगळी चौकशी केली.

दुकानात आणखी एक जण आहे. प्रभू पोले, नरसीचा, माझ्याच वयाचा. वडील मेंढरं राखतात. दहावी नापास. कॉम्प्युटर कुठं शिकला विचारलं तर म्हणाला, इथंच, उघडून उघडून. दोन्ही कानांत कापूस घालून बसतो. कान फुटले असावेत बिचाऱ्याचे. त्याला हळूहळू नीट पद्धत शिकवीन असं मनाशी ठरवलं आहे.

६ एप्रिल, शनिवार

पहिलं काम फत्ते झालं.

एका औषधाच्या दुकानाचा कॉम्प्युटर होता. बाराला लाईट गेली तेव्हा तो चालूच होता. चारला लाईट आली पण मशीन काही उठेना. काळा पडदा आणि वर पांढऱ्या अक्षरांची एक ओळ, ऑपरेटिंग सिस्टिम सापडत नाही. दुकानदार अगदी रडकुंडीला आलेला. त्याला समजावलं की हार्ड डिस्क म्हणजे आत गरगर फिरणारी तबकडी असते. फिरता फिरता करंट गेला की तिच्यावरून चालणारी सुई असेल तिथं अडखळते, आणि तेवढी जागा दुखावते. नेमकी सुरुवातीची जागा दुखावली तर मशीनला आपण कोण हेच आठवत नाही.

मी शिकलो तसा क्रमानं गेलो. आधी केबल काढून पुन्हा बसवली. मग बोर्डावरचा सेल बदलला. मग फ्लॉपीवरून मशीन चालू केलं आणि स्कॅनडिस्क लावली. दोन तास निळ्या पडद्यावर बारीक चौकटी भरत होत्या, खराब जागा आली की तिथं एक अक्षर उमटायचं. सातच्या सुमाराला मशीन जसंच्या तसं उठलं.

किसनसिंगांनी पाठ थोपटली आणि त्याच दमात म्हणाले, प्रभू, एक बार सुन ले. प्रभूनं एका कानातला कापूस काढला, डिस्कवर कान टेकवला, डोळे मिटले. मिनिटभर तसाच. मग दुकानदाराला म्हणाला, "चालंल. पण ह्या सोमवारी न्हाई, त्याच्या पुढच्या सोमवारी बसंल ही. तवर समदं दुसरीकडं काढून घ्या."

मला हसूच आलं. दुकानदार मात्र माझ्याकडं न बघता त्याच्याकडं बघून मान हलवत होता. दोन तास मी खपलो होतो.

११ एप्रिल, गुरुवार

या आठवड्यात नऊ मशीन मी उठवली, चार त्यानं. तरी दारात येणारा माणूस माझ्या डोक्यावरून आत बघतो आणि विचारतो, प्रभू हाय का? मी म्हणतो, बोला, मीच बघतो. मग तो रांजणातलं पाणी पितो, बाकावर टेकतो, म्हणतो, येऊ द्या त्याला, बसतो.

आज कुणीतरी काचेवर चहाचा ग्लास ठेवला. बरोबर माझ्या सर्टिफिकेटवर गोल डाग.

प्रभू माजोरी असता तर बरं झालं असतं. तो तसाही नाही. पडद्यावर इंग्रजी ओळ आली की मला हाक मारतो, ओमदादा, हे काय म्हणून राहिलं बघा ना. मी वाचून अर्थ सांगतो. तो मन लावून ऐकतो आणि मग कान लावून त्याला जे करायचं तेच करतो. तेवढ्या ओळी वाचण्यापुरताच त्याला मी लागतो. मी तीन वर्षं नांदेडला उपाशी-तापाशी शिकलो आणि हा कान लावतो!

१५ एप्रिल, सोमवार

औषधवाल्याची डिस्क आज सकाळी अकराला गेली. लाईट होती, काही धक्का बसला नाही, नुसती गेली. मशीन दुकानात आणलं तेव्हा मलासुद्धा आवाज ऐकू आला. टक्. मग थोडी ओढ, जशी कुणी दोरी ओढून सोडून द्यावी. मग पुन्हा टक्. या आवाजाला उपाय नाही, एवढं आम्हाला शिकवलं होतं. औषधवाल्यानं मात्र सगळं आधीच काढून घेतलं होतं, म्हणून आभार मानायला प्रभूसाठी पेढे घेऊन आला होता. एक पेढा मलाही दिला.

दुपारी लाईट नसताना प्रभूची आई आली, चांगुणाबाई. फडक्यात ज्वारीच्या भाकरी आणि ठेचा. मलाही शेजारी बसवलं. प्रभू हात धुवायला गेला तेव्हा मी सहज विचारलं की याचे कान दुखतात का. त्या म्हणाल्या, दुखत न्हाईत, लई ऐकू येतं. मग आवाज खाली करून सांगितलं, "पाच वर्साचं लेकरू व्हतं. मेंढीच्या पोटाला कान लावायचं आन् सांगायचं, ही जाणार, ही ऱ्हाणार. बराबर तसंच व्हायचं. एक दिवस माझ्या सासऱ्याच्या मांडीवर बसला आन् रडायलाच लागला. तिसऱ्या दिशी म्हातारा गेला. तवापासून त्याला शपथ घातली, मानसाचं काई सांगायचं न्हाई म्हणून. त्योच मग कापूस घालायला लागला."

त्या हे दुःखानं सांगत होत्या. मला दुःख झालं नाही. खरं लिहितो, मला वाटलं, असलं काही देवानं मला का दिलं नाही. मी त्याचं सोनं केलं असतं. हा मेंढक्या कापूस कोंबून बसतो.

२१ एप्रिल, रविवार

शुक्रवारी संध्याकाळी वादळ झालं. गारा पडल्या, वाशिम रोडला खांब आडवे झाले, दोन दिवस गावात अंधार. आज दुपारी लाईट आली ती अशी भडकून आली की पद्माबाईंचे दोन बल्ब फुटले. संध्याकाळपर्यंत दुकानात अकरा मशीन येऊन पडली. प्रभू मेंढरांच्या नुकसानीसाठी नरसीला अडकलाय. बरं झालं. दोन दिवस तरी दुकान माझं.

२२ एप्रिल, सोमवार

आज वसराम आडे सर आले. सेनगावकडच्या शाळेत शिकवतात, आमच्याच समाजाचे. कॉम्प्युटर चादरीत गुंडाळून मांडीवर घेऊन जीपमधून आले होते. बारा वर्षं ते तांड्या-तांड्यावर फिरून म्हाताऱ्या बायांची गाणी टेपवर घेत होते. कॅसेटींना बुरशी लागायला लागली म्हणून गेल्या वर्षी ती सगळी वायर लावून कॉम्प्युटरमध्ये भरली. कॅसेटी टाकून दिल्या. दुसरी प्रत नाही.

मी नाव-गाव सांगितलं तसे ते उठून उभेच राहिले. म्हणाले, तू रुख्मिणीबाईचा मुलगा? तिची अकरा गाणी आहेत रे यात.

याडीची गाणी. आम्ही आईला याडी म्हणतो. ती जाऊन पाच वर्षं झाली. घरात तिचा एक फोटो आहे, तोही रेशनकार्डावरचा. तिचा आवाज कुठं शिल्लक असेल असं मला कधी वाटलंच नव्हतं.

सरांनी माझा हात धरला. म्हणाले, आपल्या तांड्याचा पोरगा या खुर्चीवर बसलाय, आता मला काळजी नाही.

२३ एप्रिल, मंगळवार

काल दुपारी चारपासून याच मशीनला बसलो आहे. केबल बदलली. पॉवर सप्लाय बदलला. फ्लॉपीवरून चालू केलं तर डिस्क दिसतच नाही. दुसऱ्या मशीनला जोडून पाहिली, तिथंही नाही. कान लावला. हो, मीसुद्धा लावला. टक्. ओढ. टक्.

सर बाकावर बसून आहेत. पाणीसुद्धा प्यायले नाहीत. मी त्यांना काहीबाही सांगत राहिलो. सगळे उपाय संपले आहेत हे त्यांना कळलंच असेल.

२४ एप्रिल, बुधवार

प्रभू आज आला. सरांनी त्याला काही सांगितलंही नाही, तो सरळ त्या डिस्कपाशी गेला. कापूस काढला. खूप वेळ ऐकत राहिला. मग म्हणाला, ही एकदाच उठंल, साताठ मिनिटं. दुसरी डिस्क जोडून ठेवा, ओमदादा, तुमी कॉपीचा हुकूम देऊन बसा. मी सांगीन तवा बटन दाबा.

त्यानं डिस्क तळहातावर उभी धरली, मग किंचित आडवी केली, जसं लेकराला दूध पाजताना धरतात. म्हणाला, आता. मी बटन दाबलं. डिस्क उठली. सगळी गाणी पलीकडं गेली, शेवटचं गेलं आणि डिस्क जी थांबली ती कायमची.

सर त्याच्या गळ्यात पडून रडले. त्यांनी लगेच एक गाणं लावलं. याडी गात होती. लग्नात नवरी निघताना म्हणतात ते. मी उठून मागच्या खोलीत गेलो. सगळ्यांना वाटलं आईच्या आठवणीनं गेलो.

आईच्या आठवणीनं नाही गेलो. माझी आई त्यानं काढून दिली. माझी. मी दोन दिवस तिच्या दारात डोकं आपटत होतो आणि तो हात हलवत आला आणि ती त्याला ओ देऊन बाहेर आली. सर जाताना मला म्हणाले, तुझंही सहकार्य झालं हो.

सहकार्य.

२५ एप्रिल, गुरुवार

दुपारी चार वाजता दुकानात अपघात झाला. प्रभूला शॉक बसला. आधी सरकारी दवाखान्यात, तिथून नांदेडला नेलं. जीव आहे. असल्या धंद्यात असं होतं. कुणाचा दोष नाही.

२८ एप्रिल, रविवार

झोप येत नाही. लिहून टाकतो, म्हणजे मोकळं होईल.

वादळात बिघडलेल्या अकरा मशीनांपैकी एक शाळेचं होतं. गुरुवारी सकाळी अकराला मी त्याच्या कॅबिनेटला टेस्टर लावला तर टेस्टरमधला दिवा पेटला. सगळ्या पत्र्यात करंट उतरला होता. पिन काढून वर चिठ्ठी लावायची, हा नियम. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. मग बाराला लाईट गेली. पिन भिंतीवरच्या बोर्डातच राहिली.

साडेतीनला प्रभू त्या मशीनपाशी बसला. लाईट येते त्या क्षणी डिस्क कशी उठते ते त्याला पहिल्यापासून ऐकायचं असतं, म्हणून तो चार वाजायच्या आधीच कान लावून बसतो. त्यानं कापूस काढला. पत्र्याला कान टेकवला. डोळे मिटले.

मी समोर होतो. घड्याळाकडं बघत होतो. अर्धा तास. पिन काढ, एवढंच म्हणायचं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. मग डोळ्यांसमोर सर आले, त्याच्या गळ्यात पडलेले. मी स्क्रू मोजत बसलो.

चार वाजता लाईट आली.

आज किसनसिंग नांदेडहून परत आले. प्रभू वाचला. दोन्ही कान गेले. आता काहीच ऐकू येणार नाही म्हणाले डॉक्टर.

२ मे, गुरुवार

आज एक गोष्ट झाली. बाकावर तीन डिस्क पडल्या होत्या, जोडलेल्या नाहीत, करंट नाही. शेजारून जाताना मला ऐकू आलं की मधली गेली आहे आणि कडेची अजून दोन महिने जाईल. ऐकू आलं म्हणजे कसं ते सांगता येत नाही. भरलेला आणि रिकामा हंडा वाजवून कळतो तसं.

जोडून पाहिलं. मधली गेलेली होती.

तरी पुन्हा पुन्हा जोडत राहिलो. भीतीनं नाही. आनंदानं.

६ मे, सोमवार

चार दिवसांत बावीस मशीन! फ्लॉपी नको, स्कॅनडिस्क नको. कान लावतो आणि कळतं. किसनसिंग आज एका साहेबाला म्हणाले, राठोड से सुनवा लो. दारात लोक माझं नाव घेऊन येतात. देवला म्हणाला, लेका, तू तर दुसरा प्रभू झाला. दुसरा!

तेवढ्यात चांगुणाबाई प्रभूला घेऊन आल्या. उजव्या कानावर पट्टी. घरी करमत न्हाई म्हणतो, बसू द्या हितं, म्हणाल्या. तो बाकावर बसून राहिला. माझ्याकडं बघून हसला. दिवसभर हसतच होता. लोक माझ्याकडून काम करून घेतात आणि जाताना त्याच्या डोक्यावरून हात फिरवतात. अजूनही त्याच्याच.

९ मे, गुरुवार

वसराम सरांनी याडीची अकराही गाणी एका सीडीवर घालून पाठवली. दुकानात कुणी नसताना लावली.

पहिल्या आठ गाण्यांत काही नव्हतं. नवव्यापासून तिच्या आवाजाच्या मागं आणखी एक आवाज आहे. टक्. ओढ. टक्. आधी वाटलं सीडी खराब. मग ते तिच्या श्वासाबरोबर चाललेलं लक्षात आलं. सरांनी वर तारीख लिहिली आहे. ती जायच्या दहा दिवस आधीचं गाणं. तेव्हा तिला काहीच झालं नव्हतं. ती हसत होती, पाणी भरत होती.

अकरावं गाणं लावलं नाही. सीडी पेटीच्या तळाला ठेवली.

११ मे, शनिवार

देवलानं चहा दिला. ग्लास घेताना त्याच्या छातीतून ऐकू आलं. टक्. टक्.

नाही. गाडीवरचं काहीतरी असेल. स्टोव्ह असेल.

१३ मे, सोमवार

देवला सकाळी चहाच्या गाडीपाशीच कोसळला. दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही. चाळीस वर्षांचा.

दोन दिवस मला माहीत होतं. सांगितलं असतं तर नांदेडला नेला असता. काय सांगणार होतो? तुझ्या छातीत टक् टक् होतंय? तरी सांगायला हवं होतं. हे दुसऱ्यांदा.

१४ मे, मंगळवार

कापूस घातला. काही फरक नाही. हा आवाज कानातून आत येतच नाही.

बाजारातून आलो. भाजीवाली. तिच्यापाशी बसलेला म्हातारा. सायकलवरचा मास्तर — त्याचा ठोका अगदी जवळ जवळ. कुणाला सांगू? कुणाकुणाला? पद्माबाईंचा अजून लांब आहे, वर्ष तरी. जिन्यात त्या भेटल्या की भिंतीला चिकटून उभा राहतो.

१६ मे, गुरुवार

आज लाईट नसताना प्रभू आणि मी दोघंच होतो. त्यानं माझ्या कानांतला कापूस पाहिला.  या वेळी हसला नाही. स्वतःचा आवाज ऐकू येत नाही म्हणून तो आता लिहूनच बोलतो. पावतीच्या पाठीमागं लिहून कागद पुढं सरकवला. तसाच इथं उतरवतो.

"आता तुमाला ऐकू येतंय ना?"

मी मान हलवली. मग त्याच्या पाया पडलो, रडलो. टेस्टरचं, पिनेचं, सगळं एका कागदावर लिहून दिलं. त्यानं वाचलं. खाली लिहिलं —

"करंट उतरलेला पत्रा गुनगुन करतो. मला त्यो सकाळीच ऐकू आला व्हता. तुमी टेस्टर लावला त्ये बी बघितलं. पिन बी बघितली."

मी लिहून विचारलं, मग कान का लावला?

"माझ्या मायच्या छातीत वाजाया लागलं व्हतं. मला ऐकायचं न्हवतं. तुमाला पायजे व्हतं. पहिल्या दिसापासून तुमच्या पोटात काय जळतंय ते मला ऐकू यायचं. मी म्हणलं, ज्याला पायजे त्यानं घ्यावं."

आणि मग, "राग न्हाई, ओमदादा."

त्याचा राग असता तर मी सहन केला असता.

१७ मे, शुक्रवार

त्याला लिहून विचारलं, परत घेता येतं का. त्यानं नाही म्हणून मान हलवली. कुणीतरी मागावं लागतं, असं लिहिलं. मनापासून, जळून. माझ्यासारखं.

कोण मागणार?

१८ मे, शनिवार

दुपारी तो बाकावर झोपतो. गल्लीतून ट्रक जातो, किसनसिंग ओरडतात, पत्रे वाजतात, हा हलत नाही. तोंड उघडं टाकून लेकरासारखा झोपतो. गालांवर मांस धरलंय. चांगुणाबाई डबा घेऊन येतात, तो त्यांच्या मांडीवर डोकं टेकतो. त्यांच्या छातीत केवढ्यानं वाजतंय आणि याला काही नाही. ऐकतो मी. त्याच्या आईचं मी ऐकतो.

मला त्याचा हेवा वाटतो. आता या शांततेचा. त्याच्याजवळ जे असेल तेच मला का हवं असतं?

त्या निघाल्या तेव्हा मागं धावलो. या वेळी बोललो. मावशी, नांदेडला चला, छाती दाखवू.  त्या म्हणाल्या, "तुला बी व्हय रे लेकरा?" मग म्हणाल्या, नको, त्याच्याजवळच बरी हाय मी. किती दिस त्ये सांगू नको.

१९ मे, रविवार

बाबा तांड्यावरून आले. सोबत तूप. बाबांना दारातच—

त्यांना मिठी मारली नाही. लांबूनच बोललो. त्यांना वाटलं नोकरीमुळं फुगलोय. वाईट वाटून गेले.

आहे. त्यांच्यातही आहे. हळू आहे अजून. पावसाळाभर—

२० मे, सोमवार

वाशिमला कानांचे एक डॉक्टर आहेत. दोन्ही कान कायमचे बंद करता येतात का विचारणार. कापसानं जात नाही, पण प्रभूचं त्याच्या कानांबरोबरच गेलं होतं. नाही म्हणाले तर खिळा आहे, हातोडी आहे. किसनसिंगांना सांगितलं नाही. सकाळी निघतो.

प्रभूनं खुणेनं विचारलं कुठं. लिहून सांगितलं.  त्यानं कागद घेतला, लिहायला लागला, मग फाडून टाकला.

२१ मे, मंगळवार

जीपमधून लिहितोय. अक्षर हलतंय.

काळी-पिवळी, खच्चून भरलेली. चौदा जण, मागं दोघं लोंबकळलेले. समोर म्हातारी, तिच्या मांडीवर लेकरू. शेजारी नवरा-बायको, लग्नाला चाललेत. ड्रायव्हरनं टेप लावलाय. जोरात. बरं वाटतंय, टेपात बाकीचं दबतं.

नाही दबत.

म्हातारीचं ऐकू येतंय. वय झालंय. असतंच.

तिच्या मांडीवरच्या लेकराचंही—

तिचंच असेल. जवळ आहे म्हणून तसं वाटतं.

शेजारच्या नवऱ्याचं. बायकोचं. दोघांचं एकदम, एकाच ठेक्यात. असं कधी ऐकलं नव्हतं. प्रत्येकाचं वेगळं असतं. नेहमी वेगळं.

ड्रायव्हरचं.

मागच्या दोघांचं. सगळ्यांचं. एकच ठेका. चौदा छात्या आणि एकच— टक्— ओढसुद्धा एकत्र— टक्—

माझं.

माझं पण.

कनेरगाव नाका चार किलोमीटर, दगड गेला आत्ता. मधली ओढ कमी होत चाललीय. जवळ येतंय. फार जवळ.

ओरडलो. गाडी थांबवा म्हणालो. ड्रायव्हर आरशात बघून हसला, नाक्यावर थांबतोच म्हणाला. पुन्हा ओरडलो. उलटी होतीय का, बायका म्हणतात, खिडकीत द्या त्याला जागा. सगळे उतरा म्हणालो. कुणी ऐकेना. म्हातारी म्हणते, काहून घाबरून राहिला बाबा—

समोरून ट्रक. अजून लांब आहे. आमचा ड्रायव्हर पुढच्या बैलगाडीला ओलांडून—

ओढ नाही आता. नुसतं टक् टक् टक्

लेकराला हात केला. म्हातारीनं दिलं. माझ्याजवळ आलं. दाराची कडी हाताला लागतीय, शेतात भुसभुशीत माती आहे, लेकराला तरी

वही ठेवतो, दोन्ही हात ला